इतिवृत्तात न आलेली मुलगी

वडील पिऊन आले आहेत आणि घरात बैठक भरली आहे. घर तरी केवढे, जेवण, झोप आणि भांडण एकाच जागी उरकावे लागेल एवढे. वडील अध्यक्ष. मुलांनी समोर बसायचे, थोरल्याने कागद घेऊन इतिवृत्त लिहायचे. रात्र झालेली असते, पोरांच्या डोळ्यांवर झापड येत असते, पण सभेचे कामकाज अर्धवट टाकता येत नाही. अध्यक्ष कम्युनिस्ट आहेत आणि हे घर त्यांच्या लेखी समाजवादाची सर्वांत लहान शाखा आहे.

हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीच्या सभेची नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर लागते. पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' आणि शेवटचा 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. अशी एक जरी सभा ज्याने शेवटपर्यंत सोसली असेल, त्याला हा सारायेव्होतला बाप परका वाटणार नाही. दुसऱ्यांदा पाहताना हसू थोडे कमी झाले. तिसऱ्यांदा माझी नजर लिहिणाऱ्या मुलावरून सरकली आणि मधल्यावर, दिनोवर जाऊन थांबली. त्याच्या डोक्यात त्या घटकेला जे काही चालले आहे त्यातला एक शब्दही त्या कागदावर उतरत नव्हता. तेव्हापासून मला हा सगळा चित्रपट त्या कागदाच्या समासात लिहिल्यासारखा दिसतो.

चित्रपटाचे नाव 'स्येचाश ली से डॉली बेल', म्हणजे 'तुला डॉली बेल आठवते का'. साल १९८१. दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा, वय जेमतेम सव्वीस, पहिलाच मोठा चित्रपट. पटकथा सारायेव्होचा कवी अब्दुलाह सिद्रान याची. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षी पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा सुवर्णसिंह याला मिळाला. मुख्य सुवर्णसिंह जर्मनीच्या मार्गारेट फॉन ट्रोटाकडे गेला. पुढे 'बाबा कामावर बाहेरगावी गेले तेव्हा' आणि 'अंडरग्राउंड' या दोन चित्रपटांनी कानचा सर्वोच्च मान कुस्तुरित्साला दोनदा मिळवून दिला, आणि जगाला तो आठवतो तो त्या नंतरच्या धुमधडाक्यामुळे, म्हणजे बँडबाजे, हवेत तरंगणाऱ्या नवऱ्या, टेबलांवर नाचणारी माणसे यांमुळे. मला विचाराल तर त्याने यापेक्षा चांगला चित्रपट पुन्हा केला नाही. इथे अजून कोणी तरंगत नाही. माणसे जमिनीवर आहेत, आणि जमीन ओली आहे.

तो ओलावा ज्याने टिपला तो छायालेखक विल्को फिलाच स्लोव्हेनियाचा, प्तुय या गावचा. प्रागच्या फामू या चित्रपटशाळेत कुस्तुरित्साची आणि त्याची गाठ पडली आणि ती 'अंडरग्राउंड'पर्यंत टिकली. युगोस्लाव्हियातली एक अख्खी पिढी त्या शाळेत शिकून आली. पास्कालयेविच, मार्कोविच, कारानोविच, ग्रलिच, झाफ्रानोविच हे आधीचे, कुस्तुरित्सा शेंडेफळ. प्रागमध्ये फोर्मान आणि मेन्झेल यांनी दाखवून दिले होते की राजवटीवर बोलायचे असेल तर राजवटीकडे कॅमेरा वळवण्याची गरज नसते. एका नाचाच्या कार्यक्रमाकडे वळवला तरी पुरते. 'डॉली बेल'मध्ये तेच आहे. पडद्यावर पोलिसी छळ नाही, तुरुंग नाही, निदर्शने नाहीत. एक युवक केंद्र आहे आणि पोरे बिघडत चालली म्हणून चिंतेत पडलेले अधिकारी आहेत.

त्यांनी काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. गुन्हेगारीला आळा घालायचा तर पोरांना वाद्ये द्या, वाद्यवृंद काढा! पश्चिमेचे वारे थोपवायचे आणि त्यासाठी हातात गिटार द्यायची, या तर्कशास्त्रावर कुस्तुरित्सा कुठेही डोळा मारत नाही. सरळ चेहऱ्याने दाखवतो. चष्मेवाला सांस्कृतिक अधिकारीही त्याने खलनायक केलेला नाही. तो मनापासून कामाला लागलेला, किंचित हास्यास्पद, किंचित गोड माणूस आहे. असे अधिकारी आपणही पाहिले आहेत, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी घामाघूम झालेले.

काळ साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. १९४८ मध्ये स्टालिनने युगोस्लाव्हियाला कम्युनिस्ट बिरादरीबाहेर काढले, १९५० मध्ये टिटोंनी कामगारांच्या स्वव्यवस्थापनाचा कायदा आणला, आणि पुढच्या दहा वर्षांत या देशाला रशियाकडेही नाही आणि अमेरिकेकडेही नाही अशी एक मधली हवा मिळाली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहरू-टिटो-नासर ही तीन नावे एका दमात यायची, ती याच हवेमुळे. १९६१ च्या सप्टेंबरात अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला भरली. त्याच वर्षी इटलीत सानरेमोच्या गाण्यांच्या स्पर्धेत आद्रियानो चेलेंतानो नावाचा एक तरुण प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला आणि 'चोवीस हजार चुंबने' असा हिशोब मांडणारे गाणे गाऊन गेला. स्पर्धेत ते दुसरे आले. या दोन घटनांपैकी दिनोच्या आयुष्यावर कोणतीचा परिणाम जास्त झाला हे सांगायला नको. स्लोव्हेनियाच्या पलीकडे लगेच इटली. त्रिएस्ते हे शहर तर सीमेला खेटूनच. तिथून गाणी आली, पुढे जीन्स आल्या, कॉफी आली. दिनोचा वाद्यवृंद घोकतो ते गाणे हेच. इटालियन शब्दांचा अर्थ त्यातल्या कितीजणांना कळत असेल कोण जाणे. पण चोवीस हजार हा आकडा सगळ्यांना कळतो, आणि पंचवार्षिक लक्ष्यांच्या देशात आकड्यांचे कौतुक असतेच.

दिनोकडे आणखी एक घोकायची गोष्ट आहे. त्याने संमोहनावरची आणि स्वयंसूचनेवरची पुस्तके मिळवली आहेत. एमिल कुए (१८५७–१९२६) हा फ्रान्समधला औषधविक्रेता. रोग्याने रोज झोपताना आणि उठताना एक वाक्य पुटपुटावे, की दिवसेंदिवस आपण सर्व बाबतींत सुधारत चाललो आहोत, असा त्याचा उपाय. दिनो हे वाक्य म्हणत राहतो. त्याचा पांढरा ससा आहे, त्यावर तो संमोहनाचे प्रयोग करतो. ससा अर्थातच आपल्याच नादात असतो. सशाच्या आणि दिनोच्या नजरा एकमेकांना भिडतात त्या चौकटी म्हणजे विनोद आणि करुणा यांच्या मधली रेघ फिलाचला किती बारीक दिसत होती त्याचा पुरावा. प्रकाश कमी, रंग मातकट, भिंती जवळ आलेल्या. कोण कोणाला झोपवतो आहे हे काही क्षण आपल्यालाही समजत नाही.

वडिलांना हे मान्य असणे शक्यच नाही. ते मार्क्सवादी. माणसाची जाणीव त्याच्या भौतिक परिस्थितीतून घडते ही त्यांची बाराखडी, आणि पोरगा म्हणतो की मनात घोकले की परिस्थिती बदलते. बाप-लेकाचे हे खटके चित्रपटाचा कणा आहेत. आणि सिद्रानच्या लेखणीची कमाल अशी की हे खटके तात्त्विक असूनही कधी कागदी होत नाहीत, कारण बोलणारा बाप धाप लागलेला आहे आणि ऐकणारा मुलगा त्याच्यावर प्रेम करतो. हळूहळू ध्यानात येते की दोघेही जप करताहेत. एकाच्या माळेत कुएचे वाक्य, दुसऱ्याच्या माळेत येऊ घातलेला साम्यवाद. रोज म्हणायचे, सुधारणा होतेच आहे असे मानायचे, आणि घर गळत असेल तर बादली लावायची. आपल्याकडे नामस्मरणाची परंपरा असल्यामुळे आपल्याला हे लवकर उमगते. जप खोटा असतो असे मी म्हणत नाही. जपणाऱ्याचा आवाज खरा असतो एवढे चित्रपट म्हणतो, आणि तिथेच थांबतो. बापाला त्याने मूर्ख ठरवलेले नाही, मुलालाही नाही.

बापाची भूमिका स्लोबोदान अलिग्रुदिच याची. पिणारा, संतापणारा, आजारी आणि तरीही घरातल्यांना हवासा वाटणारा पुरुष उभा करणे अवघड काम. एक तर नट रडका होतो किंवा दारुड्याची नक्कल करू लागतो. अलिग्रुदिच वाक्य संपल्यावर क्षणभर तसाच थांबतो, जणू आपले म्हणणे इतिवृत्तात नीट उतरले की नाही याची खात्री करतोय. तेवढ्या थांबण्यात त्याची अख्खी हयात दिसते: युद्ध संपल्यानंतर नवे जग येणार म्हणून राबलेला, ते उशिरा येतेय हे जाणणारा, पण तसे पोरांसमोर कबूल न करणारा. मिरा बान्यात्सने केलेली आई कमी बोलते. तिचा विषय कधी पत्रिकेवर येतच नाही, तरी घर चालते ते तिच्यावर. पाव्हले व्हुइसिच काका होऊन येतो आणि आला की खोली भरून टाकतो. तो कलावंतच तसा होता.

इथे एक अवांतर. बोस्नियावर १४६३ ते १८७८ तुर्की अंमल होता, त्यामुळे सारायेव्होच्या बोलीत फारसी-अरबी शब्द पेरलेले आहेत. उपशीर्षके वाचता वाचता मराठी कान मधूनच टवकारतो. महाला, म्हणजे आपला मोहल्ला. दुश्मान. साखरेला शेचेर, साबणाला सापुन. मैदानाला मेय्दान. युगोस्लाव्ह पडद्यावर तोवर बहुधा प्रमाण बोली ऐकू येत असे; या चित्रपटात टेकडीवरच्या महाल्यातली पोरे आपल्या बोलीत बोलतात, आणि तिथल्या प्रेक्षकांना हा केवढा मोकळा श्वास वाटला असेल याचा अंदाज आपल्याला आपल्या चित्रपटांवरून बांधता येतो. दिनोच्या घरचे मुसलमान आहेत, पण हे सांगण्यासाठी कॅमेरा कधी वळत नाही. नावे ऐकू येतात तेवढेच.

आता डॉली बेल.

युवक केंद्रात पोरे चित्रपट पाहतात, आलेस्सांद्रो ब्लासेत्तीचा १९५९ चा इटालियन 'युरोपा दि नोत्ते'. युरोपातल्या रात्रीच्या करमणुकीचा फेरफटका मारणाऱ्या या चित्रपटात डॉली बेल नावाची एक कपडे उतरवणारी नर्तकी आहे. अंधारात बसलेल्या पोरांचे चेहरे आपण पाहतो. पुढे महाल्यातला गुंड शिंतोर एका मुलीला घेऊन येतो आणि तिला काही दिवस लपवून ठेवायचे काम दिनोवर टाकतो. शिंतोर म्हणजे कुत्री पकडणारा. टोपणनावातच सगळे आले. त्या मुलीला तो डॉली बेल म्हणतो. म्हणजे इटालियन पडद्यावरच्या बाईचे नाव महाल्यातल्या अंधारात बसलेल्या कोणीतरी उचलले आणि एका गरीब मुलीच्या अंगावर घातले, मापाचे नसलेल्या कपड्यासारखे.

दिनो तिला माळ्यावर ठेवतो. चित्रपटातला सर्वांत सुंदर भाग त्या माळ्यावर घडतो आणि तो जवळजवळ बिनबोलाचा आहे. घरात घोषणा, केंद्रात भाषणे, बैठकीत ठराव, रेडिओवर गाणे. इथे मात्र तो तिच्यासाठी खायला आणतो आणि पाहत बसतो. संमोहनकाराला समोर पहिल्यांदा असा कोणी भेटला आहे जो परत पाहतो. डॉली बेल झालेल्या ल्यिल्याना ब्लागोयेविचच्या चेहऱ्यावर थकवा, कुतूहल आणि या पोराबद्दलची थोडी दया हे सगळे एका वेळी आहे. ती त्याच्याहून फार मोठी नाही, पण त्याने पुस्तकात वाचले त्याच्या कैक पट तिने अंगावर झेलले आहे. जवळीक ती होऊ देते, आणि ज्या तऱ्हेने होऊ देते त्यात पोराची लाज सांभाळलेली आहे. चित्रपटांत कुमारवयातला पहिला स्पर्श बहुधा एकतर गुलाबी धुक्यात बुडवतात किंवा त्याची थट्टा करतात. इथे दोन्ही नाही. माळ्यावर हवा कमी आहे, जागा कमी आहे, आणि दोन माणसांना एकमेकांशी कसे वागावे हे माहीत नाही.

मग शिंतोर परत येतो, सोबत्यांना घेऊन. ते एकामागून एक तिच्याकडे जातात. दिनो बाहेर. तो काही करत नाही. कॅमेरा वर जात नाही, दिनोपाशी राहतो, आणि आपणही त्याच्यापाशी अडकतो. मी या दृश्यावर कितीतरी वेळा अडखळलो आहे. दिनोची ती असहायता हाच त्याच्या वयात येण्याचा क्षण आहे हे दिग्दर्शकाचे म्हणणे मला पटते. भ्याड होतो हे कळणे हा मोठे होण्याचा भाग आहे. पण कॅमेरा खाली थांबला याचा एक अर्थ असाही होतो की तिचे काय झाले हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळणार. दुःख तिचे, चेहरा त्याचा. पुढे दिनो शिंतोरशी भिडतो, मार खातो, आणि मार खाल्ल्यामुळे त्याला काहीतरी परत मिळाल्यासारखे वाटते. तिला काय परत मिळाले?

ही चित्रपटाची उणीव आहे, आणि प्रेमापोटी ती झाकायचे कारण नाही. तिचे खरे नाव काय, गाव कोणते, घरी कोण, याची विचारपूस चित्रपट करत नाही. श्रेयनामावलीतही ती डॉली बेलच. कुमारवयातल्या पोराच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट म्हणून हे समजून घेता येते, कारण पोरगा तेवढेच पाहतो. पण चाळीस-पन्नास वर्षे उलटल्यावर पाहताना ही रिकामी जागा मोठी होत जाते. आणि तरी शीर्षक पाहा. दिनोचे नाव नाही, वडिलांचे नाही, सारायेव्होचे नाही. जिची कोणत्याच इतिवृत्तात नोंद नाही तिच्या नावाने अख्खा चित्रपट ओळखला जातो, आणि तोही प्रश्न विचारून. हे पश्चात्तापाचे शीर्षक आहे असे मी मानतो. सभा संपता संपता आयत्या वेळी आलेला विषय, आणि तोच खरा.

दिनो झालेला स्लावको श्टिमात्स याच्याबद्दल एक गोष्ट त्या काळच्या युगोस्लाव्ह प्रेक्षकाला माहीत होती, आपल्याला मुद्दाम सांगावी लागते. १९७२ च्या 'एकटा लांडगा' या चित्रपटातला कुत्र्यावर जीव लावणारा मुलगा तोच. नंतर 'बर्फातली आगगाडी'तही तो होता. सगळ्या देशाने त्याला पडद्यावर पोराचा पोरगेला होताना पाहिले होते. त्यामुळे १९८१ मध्ये तो माळ्यावर एका मुलीसमोर अवघडून बसतो तेव्हा प्रेक्षकांत कितीतरी आयांना आपल्या घरातला मुलगा हातातून निसटल्यासारखे झाले असणार. श्टिमात्सचे डोळे विलक्षण आहेत. उघडे, थोडे उशिरा समजणारे. हुशार दिसण्याचा मोह त्याने कुठेही केलेला नाही.

संगीत झोरान सिम्यानोविचचे. पण कानात राहते ते चेलेंतानोचेच गाणे, आणि मला वाटते ते मुद्दाम तसे आहे. वाद्यवृंद शेवटी मंचावर उभा राहून ते गातो तेव्हा सूर तितके पक्के नाहीत, उत्साह अफाट आहे, आणि खाली जोड्या नाचताहेत. अधिकाऱ्यांनी मागवलेली वाद्ये अशी कामी आली. त्या वेळी दिनोच्या चेहऱ्यावर आनंद शोधू नका. तो गातोय एवढेच. चोवीस हजारांतले एकही त्याच्या वाट्याला उरलेले नाही.

वडिलांचे आजारपण चित्रपट हळूच आत आणतो. फुप्फुसात कर्करोग आहे. इतका वेळ मोठमोठ्याने चाललेले ते घर दबक्या आवाजात बोलू लागते. बैठकी थांबतात. कोणी जाहीर करत नाही, पण इतिवृत्ताचा कागद निघेनासा होतो. आणि मग बाप आणि मुलगा यांच्यातला तो जुना वाद मवाळ होऊ लागतो. आजारी भौतिकवाद्याला पोराच्या त्या वाक्याचे आता तितकेसे वावडे राहिलेले नाही, असे मला त्या दृश्यांत जाणवते. तो हरला असे मात्र म्हणवत नाही. माणूस दुखायला लागला की मंत्र कोणाचा याची फारशी चौकशी करत नाही, मग तो बोस्नियातला मार्क्सवादी असो की आपल्याकडचा अंनिसचा कार्यकर्ता.

चित्रपटात एका गोष्टीची वाट सतत पाहिली जाते, नव्या सदनिकेची. समाजवादी युगोस्लाव्हियात घर विकत घ्यायचे नसे, मिळायचे असे. बहुधा कामाच्या ठिकाणाहून, यादीतल्या क्रमाने. सारायेव्हो मिल्यात्स्का नदीच्या खोऱ्यात आहे. दोन्ही बाजूंना चढावर जुने महाले, आणि नदीच्या सपाटीवर पश्चिमेकडे वाढत गेलेल्या नव्या इमारती. ज्यांच्याकडे शौचालय अंगणात आहे ते खाली त्या खिडक्या मोजत बसायचे. या घरातही ती वाट आहे, आणि साम्यवाद कधी येणार हा प्रश्न खरे तर आपला क्रमांक कधी येणार या प्रश्नाचे भारदस्त रूप आहे, असे मला त्या बैठका ऐकताना वाटत राहते. क्रमांक येतो तेव्हा वडील गेलेले असतात.

१९८० च्या ४ मे रोजी टिटो ल्युब्लियानाच्या रुग्णालयात वारले. पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला. त्यात राष्ट्राच्या पित्याविषयी चकार शब्द न काढता एका घरातला पिता कमी कमी होत जातो आणि पोरे सामान बांधतात. यात मी ओढून रूपक शोधतोय असे कोणी म्हणेल. म्हणू दे. १९८१ मध्ये युगोस्लाव्हियाच्या थिएटरात बसलेल्या माणसाला ते शोधावे लागले नसेल.

त्यानंतर काय झाले ते चित्रपटाच्या बाहेरचे आहे, पण विसरून पाहता येत नाही. १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत सारायेव्होला वेढा होता. चित्रपटातल्या महाल्यांसारख्या उतारांवरून आणि त्याहून वरच्या डोंगरांवरून खाली तोफा डागल्या गेल्या. सिद्रान शहरातच राहिला आणि त्याच काळात त्याने शवपेटीचे नाव दिलेला कवितासंग्रह लिहिला. कुस्तुरित्सा दुसऱ्या बाजूला गेला, शहराने त्याला आपला मानणे सोडले, आणि ज्यांनी मिळून हा चित्रपट रचला त्यांच्यात काही उरले नाही. फिलाच २००८ मध्ये गेला, सिद्रान २०२४ मध्ये. कुस्तुरित्साच्या नंतरच्या राजकारणाबद्दल माझ्या मनात काय आहे ते इथे लिहून उपयोग नाही. त्याच्या सव्वीसाव्या वर्षावर मी त्याच्या नंतरच्या वर्षांचा डाग पडू देणार नाही, इतके या चित्रपटाने मला दिलेले आहे.

शेवटी घर बदलायचे ठरते. गाद्या, खुर्च्या, भांडी, सगळे उघड्यावर येते, आणि वर्षानुवर्षे एका खोलीत दाटीने बसलेले सामान दिवसाच्या उजेडात किती थोडे होते हे दिसते. फिलाचचा कॅमेरा इतका वेळ भिंतींत कोंडलेला होता, तो आता मोकळा होतो, आणि गंमत अशी की मोकळ्या चौकटीत माणसे अधिकच लहान दिसू लागतात. दिनो तेच वाक्य म्हणतो, दिवसेंदिवस, सर्व बाबतींत. सुरुवातीला ते म्हणताना त्याची नजर सशावर असायची. आता समोर कोणी नाही.

'स्येचाश' हे क्रियापद 'तू'चे रूप आहे, सलगीचे, घरातल्या माणसाला विचारावे तसे. तुला आठवते का. मला नेहमी वाटते की हे बैठकीच्या कागदावर, थोरल्याच्या अक्षराखाली, दिनोने नंतर कधीतरी पेन्सिलीने लिहून ठेवले असावे.